शंभर टक्के, पण कितीपैकी?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहितो, त्यावर घर चालतं. शाळा चांगली की वाईट हे कसं ठरवायचं, यावर बोलायला मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. नंतर लक्षात आलं की या विषयातला एक हिशेब मला चांगला माहीत आहे. तेवढाच मांडतो.

मी कोकणातला. तालुक्याच्या गावी हायस्कूल होतं. नववीत आमच्या वर्गात ५८ मुलं-मुली होती. दहावीच्या परीक्षेला ४४ बसलो आणि ४४ पास झालो. शाळेबाहेर मोठा फलक लागला: निकाल शंभर टक्के. त्यावर माझाही फोटो होता. अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

माझ्या बाकावर बसणारा दोस्त त्या ४४ मध्ये नव्हता. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं होतं. "पोराचा दाखला घेऊन जा. बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून अभ्यास करू दे. इथं राहिला तर शाळेचा निकाल खाली येईल." वडील बोटीवर कामाला. त्यांनी मान खाली घातली, सही केली, दाखला घेतला. १७ नंबरचा फॉर्म काही भरला गेला नाही. दोस्त गॅरेजमध्ये लागला. मी फलकावर होतो, तो कुठल्याच कागदावर नव्हता. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. सर सांगायचे, तो "कच्चा" आहे, आणि मलाही ते खरंच वाटायचं.

हा हिशेब मला कळला तो पंधरा वर्षांनी, ऑफिसमध्ये. आमच्या कंपनीकडे एका अमेरिकन राज्याच्या हायस्कूलांच्या डेटाचं काम आलं. तिथं दरवर्षी प्रत्येक हायस्कूलचं प्रगतिपुस्तक निघतं. फ्लोरिडाने १९९९ पासून शाळांना ए ते एफ अशा श्रेणी द्यायला सुरुवात केली, पुढे बऱ्याच राज्यांनी आपापल्या पद्धती बसवल्या. त्यात गणित-भाषेच्या चाचण्यांचे गुण असतात. हायस्कूलसाठी आणखी एक मोठा आकडा असतो: किती मुलं चार वर्षांत शाळा पूर्ण करून पदविका घेऊन बाहेर पडली.

तिथलं हायस्कूल नववी ते बारावी. आकडा काढायची रीत अशी. नववीत पहिल्यांदा आलेली सगळी मुलं एका यादीत घ्यायची. मधे दुसऱ्या शाळेतून आलेली त्यात मिळवायची. दुसऱ्या शाळेत गेलेली, देश सोडून गेलेली आणि वारलेली वजा करायची. उरलेल्या संख्येने भागायचं. शाळा सोडून घरी बसलेला मुलगा वजा होत नाही, तो छेदात राहतो.

ते गणित करणारा कोड माझ्याकडे होता. ज्या मुलांपुढे "ठावठिकाणा माहीत नाही" असं लिहिलं होतं, ती मी वजा करून टाकली. माहिती अपुरी, म्हणून ओळ काढून टाकायची, ही आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची सवय. तपासणीत माझं काम परत आलं. शेरा साधा होता: मूल दुसऱ्या शाळेत गेल्याचा लेखी पुरावा असेल तरच वजा करा, पुरावा नसेल तर ते तुमचंच मूल.

त्या रात्री मी वहीवर माझ्या शाळेचा हिशेब केला. ५८ पैकी तिघांचे वडील मुंबईला गेले होते आणि ती मुलं तिकडच्या शाळेत बसली, हे मला माहीत होतं. ती वजा केली. उरले ५५. पास ४४. निकाल ८० टक्के. फलकावरचे शंभर आणि वहीतले ऐंशी यांच्या मधे ११ मुलं होती.

अमेरिकेला हे शहाणपण आपोआप आलेलं नाही. २००२ च्या जानेवारीत तिथं "नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड" कायद्यावर सही झाली. गुण वाढवा, नाहीतर शाळेवर कारवाई, असा दबाव आला. त्याच सुमारास ह्यूस्टनमधलं एक प्रकरण गाजलं. २००१-०२ या वर्षात शार्प्सटाउन हायस्कूलमधून ४६३ मुलं निघून गेली होती, आणि शाळेने गळती शून्य कळवली होती. मुलं गेल्याचं कारण एका सांकेतिक क्रमांकाने नोंदवायचं असे. कुठलाही सोयीचा क्रमांक टाकला की मूल गळतीतून गायब. ही गोष्ट बाहेर काढली त्याच शाळेच्या एका सहायक मुख्याध्यापकाने. ह्यूस्टनच्या शाळांचे आधीचे प्रमुख तोवर देशाचे शिक्षणमंत्री झाले होते, ह्यूस्टनचं यश देशभर सांगितलं जात होतं.

२००८ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना ही एकच रीत आणि लेखी पुराव्याची अट लावली. २०१०-११ मध्ये या रीतीने देशाचा आकडा ७९ टक्के आला. २०१५ च्या नव्या कायद्यानुसार ज्या हायस्कूलमध्ये एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं शाळा पूर्ण करत नाहीत, तिथं राज्याने मदतीला जायचं असतं. आणखी एक चांगली अट आहे: एकूण आकडा पुरत नाही, गरीब मुलांचा, अपंग मुलांचा, कृष्णवर्णीय मुलांचा, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचा आकडा वेगवेगळा दाखवावा लागतो. सरासरीआड कुणाला लपवता येत नाही.

पण अमेरिकेचं सगळं उचलून इथं आणा, असं मी म्हणत नाही. छेद नीट केला की लोक अंशाशी खेळायला लागतात. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या बालू हायस्कूलचं कौतुक झालं, पास झालेल्या प्रत्येकाला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून. मग पत्रकारांनी हजेरी तपासली. कित्येक मुलं महिनोन्महिने गैरहजर होती. चौकशीत दिसलं की त्या वर्षी शहरातल्या २,७५८ पदविकांपैकी ९३७ नियम मोडून दिल्या होत्या. वरून आकड्याचा दबाव आला की खाली आकडाच तयार होतो, मूल शिकतंच असं नाही. दुसरी अडचण अशी की नुसत्या गुणांवर श्रेणी दिली तर गरीब वस्तीतल्या शाळेला वाईट श्रेणी मिळते, मग शिक्षक कितीही राबोत. म्हणून काही राज्यं मूल मागच्या वर्षीपेक्षा किती पुढे गेलं तेही मोजतात.

आता आपल्याकडे बघा. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. आमचा कोकण विभाग पहिला, ९८.८२ टक्के. मुलांनी मेहनत केली आहे, त्यांचं कौतुकच. पण हा आकडा परीक्षेला बसलेल्यांपैकी पास झालेल्यांचा आहे. नववीत असलेल्यांपैकी किती बसले, हे त्यात नाही. पालक शाळा निवडतात ती याच आकड्यावर, संस्था जाहिरात करतात तीही याच आकड्यावर.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न जवळचा का आहे? सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिलं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली. आपण त्याची कारणं देतो: गरिबी, लवकर लग्न, मुलगा कामाला लागला. ती खरी आहेत. पण काही मुलं बाहेर पडत नाहीत, त्यांना बाहेर काढलं जातं, आणि सही मात्र बापाची असते. अशा शाळा सगळ्यांच्याच आहेत, आपल्या संस्थांच्याही. तिथंही मी तेच फलक पाहतो.

मागच्या मे महिन्यात दोस्ताचा फोन आला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. "मुलीला शाळेत बोलावलंय. नववीत दोन विषय गेलेत. तेच बोलतायत रे, अब्बांशी बोलले होते तेच." मी रात्रीच्या गाडीने गेलो. आम्ही दोघं मुख्याध्यापकांसमोर बसलो. भांडलो नाही. मी एवढंच म्हणालो, "सर, दाखला न्या हे आम्हाला लेखी द्या. कारण लिहा, खाली सही करा." सर बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "पालक म्हणून जबाबदारी घेणार असाल तर बघू." दोस्त म्हणाला, "घेतो." मुलगी आज दहावीत आहे. संध्याकाळी गॅरेजच्या मागच्या खोलीत मोहल्ल्यातली एक कॉलेजची मुलगी तिला गणित शिकवते. मार्चमध्ये ती पास होईल की नाही, मला माहीत नाही. परीक्षेला ती बसणार आहे.

तुम्हाला काय करता येईल, ते सांगून थांबतो. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. यूडायसच्या "नो युवर स्कूल" या साइटवर शाळेची इयत्तावार पटसंख्या दिसते. आपल्या मोहल्ल्याजवळची एक शाळा घ्या. एका वर्षीची नववी लिहा, पुढच्या वर्षीची दहावी लिहा. बोर्डाच्या परीक्षेला किती बसले, किती पास झाले, हे शाळेत विचारा. शाळेने सांगितलं नाही आणि शाळा अनुदानित असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो. जेवढी मुलं कमी दिसतील, त्यांच्या घरी जा. काहींची बदली झाली असेल, ती वजा करा. बाकीच्यांना विचारा, दाखला कुणी मागितला होता, तुम्ही की शाळेने?

आणि शिक्षकांना शत्रू समजू नका. साठ मुलांच्या वर्गात कच्च्या मुलाला वेळ देणं सोपं नाही, आणि वरून त्यांनाही निकालच विचारला जातो. आपण त्यांना दुसरा प्रश्न विचारायला लागू: नववीतली सगळी दहावीला बसली का? बसणार नसतील तर संध्याकाळी शिकवायला आम्ही येतो, वर्ग उघडा ठेवा. इथं तुमच्यातले निम्मे तरी पदवीधर आहेत. आठवड्यातले दोन तास, एवढंच मागतो आहे.

तुमच्यापैकी ज्यांचा फोटो कधी अशा फलकावर लागला होता, त्यांनी घरी गेल्यावर नववीच्या वर्गाची यादी आठवून लिहून काढा. मी काढली. त्या ११ पैकी सात नावं मला आठवली. चार आठवली नाहीत.