कुत्र्याची निगा

मंडळी, आज आम्ही कुत्र्याविषयी चार शब्द सांगणार आहोत. हसू नका. घोड्याला खरारा करतात. पोळ्याला बैल धुतात. मग रात्रभर दार राखणाऱ्या कुत्र्यानंच काय पाप केलं?

आम्ही नवी मुंबईत, बेलापूरला राहतो. १९७० साली सिडको स्थापन झाली. पुढे खाडीकाठच्या गावांभोवती शहर उभं राहिलं. हवा मात्र दमटच राहिली. अशा उबदार, दमट हवेत गोचीड फार होते.

आमचा मोत्या गावठी, आखूड केसांचा. दर रविवारी आम्ही त्याला आपल्याच साबणाने न्हाऊ घालत असू. अंग चकचकीत दिसे. आम्हाला वाटे, झाली निगा! एका पावसाळ्यात तो जेवेना. अंग तापलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या. गुरांच्या डॉक्टरांनी त्याच्या पायाची बोटं फाकवली. बेचक्यांत गोचीड भरलेली. कानांतही तेच. त्यांनी गोचिडीचा ताप सांगितला. पण उशीर झाला होता. मोत्या गेला. ३५ वर्षं आम्ही शाळेत पोरांची नखं तपासली, पण घरच्या कुत्र्याची बोटं कधी पाहिली नाहीत.

म्हणून सांगतो, पाणी कमी, हात जास्त.

आंघोळ साधारण महिन्यातून एकदा पुरे. चिखलात लोळला तर गोष्ट वेगळी. आपल्या साबणानं त्याची कातडी कोरडी पडते. कुत्र्याचा साबण वेगळा मिळतो, तो आणावा. मग अंग नीट कोरडं करावं.

आखूड केसांना आठवड्यातून एकदोनदा ब्रश फिरवावा. लांब केसांना रोज फणी हवी. नाहीतर गुंता होतो. गुंत्याखाली ओल राहते, खाज सुटते, जखम होते. नखं फरशीवर टकटक वाजू लागली की कापावीत. पण टोकच कापावं. आत रक्ताची शीर असते.

हात मात्र रोज फिरवावा. कान, मान, काखा, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. रॉकेल लावू नये, कातडी भाजते. गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते. म्हणून त्याची बसायची जागाही झाडावी, अंथरूण धुवावं. औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावं.

आता आमच्याकडे दुसरा कुत्रा आहे. दिवेलागणीला आम्ही चष्मा लावून ओट्यावर बसतो. तो येतो आणि आपणहून पंजा पुढे करतो.