जुळलेली तेरीज, उलटी नोंद



हिशेबाचे सॉफ्टवेअर आता एआय एजंटही चालवू लागले आहेत. बिल वाचणे, खाते शोधणे, व्हाउचर टाकणे, बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालणे ही कामे एजंट करतो, ती सॉफ्टवेअरने त्याला दिलेल्या साधनांमार्फत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये अशा साधनाला नाव असते, वर्णन असते आणि माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा असतो. साधनाबद्दल एजंटला जे कळते ते मुख्यतः एवढ्यावरूनच. आजवर या वर्णनांचे लेखन प्रोग्रामरच्या टेबलावर पडून राहिले. ते हिशेबाचेच काम आहे आणि आपल्या व्यवसायाने ते अंगावर घेतले पाहिजे, हे मला आज आग्रहाने मांडायचे आहे.

टॅलीचेच पाहा. बाहेरून एक्सएमएलद्वारे व्हाउचर आणताना टॅलीत नावे पडणारी रक्कम उणे चिन्हाने लिहावी लागते आणि जमेची अधिक चिन्हाने. झीरो (Xero) या सॉफ्टवेअरच्या जर्नलमध्ये याच्या बरोबर उलट: नावे अधिक, जमा उणे. क्विकबुक्स ऑनलाइनमध्ये चिन्हाचा प्रश्नच नाही. तिथे प्रत्येक ओळीला ‘डेबिट’ की ‘क्रेडिट’ हे शब्दांत सांगायचे. आता साधनाच्या वर्णनात नुसते ‘रक्कम द्या’ असे असेल, तर एजंट कोणती रीत धरणार? समजा, वर्षअखेरीस थकलेल्या ५०,००० रुपये भाड्याची तरतूद करायची आहे. भाडे नावे आणि देय भाडे जमा व्हायला हवे, पण दोन्ही चिन्हे उलटली. तरी तेरीज जुळते, कारण दोन्ही बाजू सारख्याच उलटल्या आहेत. नफा मात्र एक लाखाने फुगला: ५०,००० चा खर्च लागला नाही आणि वर तेवढेच भाडे जमेला आले. पैसे बँकेतून गेले असते तर बँक मेळात चूक सापडली असती. तरतुदीला तोही आधार नाही. दुहेरी नोंदीची पद्धत एकतर्फी चूक पकडते, दोन्हीकडून उलटलेली नोंद तिला दिसत नाही.

यावर सांगितले जाते की, मॉडेल दिवसेंदिवस हुशार होत आहेत, त्यांना हे आपोआप उमजेल. मला हे पटत नाही. चिन्हाची रीत हा संकेत आहे आणि संकेत तर्काने काढता येत नाही; तो सांगावाच लागतो. उलट, ज्याने तिन्ही सॉफ्टवेअरबद्दल वाचले आहे त्याच्याकडून एकाची रीत दुसऱ्याला लावली जाण्याचा धोका जास्त. नवा कारकून अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला विचारायला लावायचे असेल, तर कुठे थांबून विचारायचे हेही वर्णनातच लिहायला हवे.

चुकीची दुरुस्ती हा याहून नाजूक भाग. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद करता न येणारा एडिट लॉग सक्तीचा आहे. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात भाष्य करावे लागते. त्यामुळे एजंटने टाकलेले, बदललेले, पुन्हा बदललेले सगळे कायम दिसत राहणार. जीएसटीचे विवरणपत्र भरल्यानंतर विक्रीचे मूल्य जास्त लागल्याचे लक्षात आले, तर जुने बिल खोडायचे नसते, क्रेडिट नोट काढायची असते, आणि तिलाही मुदत आहे: आर्थिक वर्षानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्राची तारीख, यांत आधी येईल ती. ‘व्हाउचर बदला’ असे दोन शब्दांचे वर्णन लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला आहे. तसेच, जोडणी मध्येच तुटली आणि एजंटने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर दुसरे व्हाउचर तयार होते की पहिलेच परत मिळते? एका ओळीचे हे उत्तर लिहिलेले नसेल, तर एकाच पुरवठादाराचे बिल दोनदा चढू शकते.

दुसरा आक्षेप खरा आहे: वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. साधन फक्त वाचते की मोडतोड करू शकते, हे सांगणाऱ्या खुणा या प्रोटोकॉलमध्ये आहेत, पण तो स्वतःच त्यांना केवळ सूचना मानतो. म्हणून बंद केलेल्या कालावधीत नोंद होऊ न देणे, अमुक रकमेवर माणसाची मंजुरी मागणे, हे सॉफ्टवेअरनेच करायला हवे. मात्र नकाराचा मजकूरही लेखनच आहे. ‘विनंती अमान्य’ एवढे म्हटले की एजंट तारीख बदलून पुन्हा प्रयत्न करील, आणि मार्चचा खर्च एप्रिलमध्ये जाऊन बसेल. ‘मार्चची पुस्तके बंद आहेत, तारीख बदलू नका, लेखाप्रमुखांना कळवा’ असे म्हटले की तो थांबण्याची शक्यता कितीतरी वाढते. हे वाक्य लांबलचक नाही. त्यासाठी फक्त हे ठाऊक असावे लागते की, खर्च चुकीच्या वर्षात पडला तर दोन्ही वर्षांचा नफा बिघडतो.

या परिषदेपुढे माझा प्रस्ताव मर्यादित आहे. तरतूद, क्रेडिट नोट आणि पुस्तके बंद करणे, या तीन व्यवहारांच्या साधनांची नमुना वर्णने एका समितीने लिहावीत. प्रत्येकात चिन्हाची रीत, पुनरावृत्तीचा परिणाम, दुरुस्तीचा मार्ग आणि मंजुरी कोणाची, एवढे असावे. ती मुद्दाम उलट्या टाकलेल्या नोंदींवर तपासावीत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांकडे पाठवावीत. हिशेबावर सही आपली असते, आणि नोंद एजंटने टाकली होती हे कारण त्या सहीखाली लिहिता येणार नाही.