मामंजींची बुलेट आणि दुसरं इंजिन

आम्ही दोघी जावा. घरात कांदा-लसूण मसाला करतो आणि आठवड्याच्या बाजाराला घेऊन जातो. मागं कॅरिअरला चाळीस किलोची पिशवी बांधून आम्ही बुलेटवर येतो, म्हणून बाजारात आम्हाला सगळे ‘बुलेटवाल्या’ म्हणतात. या बुलेटचं इंजिन आम्ही बदललं, त्याची हकिगत सांगायला आज इथं बोलावलंय. त्यात आमच्या चुकाही आहेत, त्या लपवणार नाही.

गाडी आमच्या मामंजींची, १९७८ सालची. बुलेट मूळची इंग्लंडची, पण १९५५ सालापासून ती मद्रासला तयार होऊ लागली. बिडाचं तेच जुन्या घडणीचं इंजिन पन्नासहून जास्त वर्षं निघत राहिलं. ३४६ सीसीचं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट.

मामंजी गेले आणि गाडी दोन वर्षं गोठ्याच्या कडेला उभी राहिली. मग बाजाराची एसटी बंद झाली. टेंपोवाल्याला पैसे देऊन मसाल्यात काही उरेना. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “ती उभी आहे की. शिका दोघी.” आम्ही शिकलो. किक मारायला आम्हाला सासूबाईंनी शिकवलं, कारण त्यांनी आयुष्यभर ते शेजारी उभं राहून बघितलं होतं. चावी लावायची, किक हळूहळू दाबायची, अँपिअरचा काटा मधे आला की थांबायचं. डाव्या हाताची डिकॉम्प्रेसरची मूठ दाबून किक जरा पुढं न्यायची, मूठ सोडायची आणि मग अंगाचा भार टाकायचा. ताकदीपेक्षा ते गणित महत्त्वाचं.

पण एक गोष्ट आम्ही शिकलो नाही, तेल बघायला. उन्हाळ्यात भर दुपारी घाट चढताना इंजिन जाम झालं. तेल तळाला गेलं होतं. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. उघडल्यावर कळलं की पिस्टन तर गेलाच होता, पण क्रँककेसलाही चीर गेली होती. नुसता पिस्टन असता, तर कोल्हापूरला उद्यमनगरात बोअर मारून, मोठ्या मापाचा पिस्टन टाकून काम भागलं असतं.

आता तीन वाटा होत्या. एक, गाडी भंगारात द्यायची. सासूबाईंसमोर ते बोलायची हिंमत नव्हती. दुसरी वाट भाच्यानं सुचवली. तो म्हणाला, “मामी, ५०० सीसीचं नवीन इंजिन बसवू, विमानासारखी पळेल.” मिस्त्रींनी आम्हाला बसवून समजावलं. २००९ च्या सुमाराला आलेल्या इंजिनात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असतात. त्याच्या बोल्टांच्या जागा वेगळ्या. ते बसवायचं तर जुनी फ्रेम कापून वेल्डिंग करावं लागतं. शिवाय जुन्या ३५० ची ताकद १८ अश्वशक्तीची, नव्या ५०० ची २७ ची. ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, पळवायला कुणीही पळवंल. थांबवणार कोण?” त्या एका वाक्यानं आम्ही ती वाट सोडली.

तिसरी वाट म्हणजे त्याच घराण्यातलं, पण नंतरच्या काळातलं इंजिन. बिडाचंच, ३४६ सीसीचंच, मात्र ठिणगी इलेक्ट्रॉनिक आणि गिअरबॉक्स पाच गिअरचा. ते जुन्या फ्रेमवर न कापता बसतं. आम्ही ही वाट धरली.

आणि इथं आमची दुसरी चूक झाली. एका माणसानं स्वस्तात इंजिन दाखवलं. चालू करून दाखवलं, आवाज छान. आम्ही दोन हजार इसार दिला. मग कागद मागितले तर म्हणाला, “कागद कशाला? तुमच्या जुन्या इंजिनाचा नंबर यावर ठोकून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.” आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. नंबर खोडून दुसरा ठोकायचा म्हणजे इंजिन कुणाच्या तरी चोरलेल्या गाडीचं असणार. कुणाच्या घरचं असं कमाईचं चाक पळवलेलं असेल, आणि आम्ही त्यावर मसाला विकणार? इसार बुडाला. बुडू दे म्हटलं.

मैत्रिणींनो, कायद्याचं नीट ऐका. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्यायची आणि काम झाल्यावर चौदा दिवसांत आरसी घेऊन कळवायचं. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर नंबर जुळला नाही, तर भरपाईचं भांडण तुमच्याच गळ्यात येईल.

आम्ही चार महिने थांबलो. मग मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन मिळालं. मालकाची आरसी, विक्रीची पावती, त्याची सही, सगळं घेतलं. नंबर स्वतः भिंग लावून ताडून पाहिला. परवानगी आल्यावरच जुनं इंजिन उतरवलं.

बसवायला चार दिवस लागले. जुनी वायरिंग ६ व्होल्टची होती, नव्या इंजिनाला १२ व्होल्ट हवे. म्हणून वायरिंग, बॅटरी, बल्ब, हॉर्न सगळं बदललं. चेनचे पुढचे-मागचे दात एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून पाहिलं. गिअर डावीकडं आला, म्हणून मागचा ब्रेक उजव्या पायाला घ्यायला आडवा दांडा बसवावा लागला. सगळा खर्च बेचाळीस हजार. त्यातले निम्मे बचत गटातून कर्ज घेतले, ते दीड वर्षात फेडले.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बदलली, पण आमचे पाय बदलले नव्हते. तिसऱ्याच दिवशी धाकटीच्या पुढं कुत्रं आडवं आलं. सवयीनं तिनं डावा पाय दाबला. तिथं आता गिअर होता. गाडीला हिसका बसला, पण ती थांबली नाही. पुढचा ब्रेक वेळेवर दाबला म्हणून निभावलं. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी शाळेच्या मैदानावर रिकामी गाडी फिरवली. ‘उजवा ब्रेक, उजवा ब्रेक’ असं मोठ्यानं म्हणत. पोरं हसायची. हसू दे. पाय आपोआप वळायला लागल्यावरच पिशवी बांधली. तुमच्या घरात कुणी असा बदल करणार असेल, तर हे पंधरा दिवस खर्चातच धरा.

सासूबाईंनी मात्र एक तक्रार केली. नव्या इंजिनाला किक मारताना तो काटा पूर्वीसारखा मधे येत नाही. त्या म्हणाल्या, “मग मी काय बघू?” आम्ही म्हटलं, “आत्याबाई, तुम्ही तेल बघा.” तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी त्या चष्मा लावून तेलाची काडी काढतात, फडक्यानं पुसतात, परत घालून बघतात. आजवर एकदाही चुकलेलं नाही. मामंजींचं जुनं इंजिन पुसून ओसरीवर ठेवलंय. विकायचं नाही, हे न बोलता ठरलंय.

इंजिन घ्या, गाडी घ्या, काहीही जुनं घ्या, आधी कागद बघा. घेतल्यावर तेल बघा. आणि कुणी ‘कुणाला कळणार नाही’ म्हणालं, की तिथून उठा.