वसईचा किल्ला आणि नागासाकीची टेकडी



वसईच्या किल्ल्यात आपण सहलीला गेलो आहोत. आज माझा आग्रह एवढाच, की एकदा यात्रेकरू म्हणून जा.

तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चला आता छप्पर नाही. पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या समाधीशिला आहेत. त्यांच्यावरून चालताना पाऊल आपोआप जपून पडतं. याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यावर गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकून ते त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. पण जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात पडले, त्यात त्यांचा जमही बसला. तरीही देवाची ओढ सुटली नाही. मनिला इथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना अटक झाली. क्योतोत डाव्या कानाचा भाग छाटला गेला. भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांच्यासह २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केलं.

हे आपण उपदेशात ऐकलेलं असतं. मग वसईला जायचं कशाला? कारण पुस्तकातला संत लांबचा वाटतो. त्याच्या गावच्या मातीत उभं राहिलं की उमगतं, हा आपल्यातलाच एक. तो धर्मगुरू नव्हता. नकार पचवला, पोटापाण्याचा उद्योग केला आणि वेळ आली तेव्हा मागे हटला नाही. तिथे आपली सबब टिकत नाही.

नागासाकीत स्थळाच्या या ताकदीची दुसरी बाजू दिसते. ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीमुळे तिथले ख्रिस्ती दोनशेहून अधिक वर्षं धर्मगुरूंशिवाय राहिले. घरातल्या घरात बाप्तिस्मा देत, प्रार्थना पाठ करत त्यांनी श्रद्धा जपली. मग याच २६ हुतात्म्यांच्या नावाने ओउरा इथे चर्च उभं राहिलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी तिथे आले. त्यांनी तिथले मिशनरी फादर पतिजाँ यांना हळूच सांगितलं, आमचीही श्रद्धा तुमच्यासारखीच आहे; आणि मारियामातेची मूर्ती कुठे आहे, असं विचारलं. पिढ्यान्‌पिढ्या लपवलेल्या श्रद्धेला त्या वास्तूने बोलतं केलं.

दगडात तारण नाही, हे खरं. तारण ख्रिस्तात आहे. पण आपला देव देह धारण करून इतिहासात आला, म्हणून स्थळकाळाला आपल्या धर्मात मोल आहे. किल्ल्यात जाल तेव्हा आधी संतचरित्र वाचा, पापनिवेदन करा, मुलांना बरोबर न्या. मोबाइल खिशात ठेवून एक रोझरी म्हणा. आणि परतल्यावर घरातली बंद पडलेली सायंप्रार्थना पुन्हा सुरू करा. यात्रा फळली की नाही, हे तिथेच कळेल.