रथावरचे शिखर

हंपीच्या विठ्ठल मंदिरापुढचा दगडी रथ पन्नास रुपयांच्या नोटेवर आपण सर्वांनी पाहिला आहे. परंतु 1856 साली मद्रास लष्करातील अलेक्झांडर ग्रीनलॉ या अधिकाऱ्याने मेण मुरवलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर तो टिपला, तेव्हा त्याच्या माथ्यावर विटांचे शिखर होते. आज ते नाही. त्याचा डोळ्यांना पटणारा दाखला ज्या कागदावर उरला, तो इब्राहिम अल्काझी यांनी उभारलेल्या छायाचित्रसंग्रहात जतन झाला आहे.

अल्काझी म्हटले की आपणास रंगभूमी आठवते, आणि ते रास्तच आहे. 1925 साली पुण्यात एका अरब कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने 1962 पासून पंधरा वर्षे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची धुरा वाहिली. विजया मेहता त्यांच्याच तालमीत शिकल्या. पण उत्तरायुष्यात एकोणिसाव्या शतकातील सहस्रावधी छायाचित्रे त्यांनी जमवली, ते कार्य मला तितकेच थोर वाटते. नट कोठे उभा आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, याचा जन्मभर विचार केलेली नजर अखेर याच कलेपाशी स्थिरावावी, यात मला मोठी संगती दिसते.

जुने छायाचित्र हाती आले की ते अलगद पालथे घालण्याची संग्रहपालाची रीत असते. पेन्सिलीची नोंद, स्टुडिओचा शिक्का, पुठ्ठ्यावरचा अनुक्रमांक, हा सगळा तपशील टिपून मगच तो चित्राकडे वळतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद असेल, तर छाया तांबूस आणि उजळ भाग पिवळसर झालेले दिसतात. कागदी निगेटिव्हवरून छापलेले असेल, तर दगडाच्या कडाही मऊ भासतात. वाट ओस दिसली म्हणून गाव ओस समजू नये, कारण त्या काळी कॅमेऱ्याची काच फार वेळ उघडी ठेवावी लागे आणि चालता माणूस कागदावर उमटतच नसे. शेवटी तो विचारतो, कॅमेरा नेमका कोठे ठेवला होता? जॉन गॉलिंग्ज या छायाचित्रकाराने 1983 साली ग्रीनलॉच्याच जागा हुडकून, तेथे उभे राहून हंपी पुन्हा टिपली.

आम्हा जोयडेकरांना ही सोय नाही. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपे पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. आमच्या सुप्याच्या घराचा एकच फोटो ट्रंकेत आहे. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरू लागली, म्हणून मी तो नव्या चौकटीत बसवून घेतला. जुना पुठ्ठा चौकटवाल्याने टाकून दिला, आणि त्यावर आजोबांनी मोडीत सर्वांची नावे लिहिली होती, हे मला पुढे आत्याकडून कळले. आपल्या घरच्या फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नावे आजच लिहा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

अंगणातली बहुतेक माणसे आत्याने ओळखली. उजव्या कडेला, खांबाला हात लावून, परकर नेसलेली एक मुलगी कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत आहे. तिचे नाव त्या पुठ्ठ्यावर होते.