पाहुणा नट आणि घरचा वादक



कोळसा, कागद आणि तेंदूपत्ता यांच्या मजुरीवर बोलणारा माणूस नाटकावर, आणि त्यातही विलायती गाण्यावर बोलणार, हे वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी जास्त झाले. संगीतातले आम्हांला कळते असा आमचा दावा नाही. परंतु एकाच्या कामाला दुसरा कारागीर येऊन हात लावतो तेव्हा नाव कोणाचे होते आणि दाम कोणाला मिळतो, हे आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. आजचा विषय तेवढाच आहे.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांच्या खोलीवर बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या दोन इंग्रज मंडळ्यांची गाणी वाजतात. लोक त्यांना हाडवैरी समजत. प्रत्यक्षात १९६३ साली बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी स्टोन्सना स्वतःचे एक गाणे देऊन टाकले, आणि ते चालले. पुढे साठ वर्षे लोटली. २०२३ साली स्टोन्सची 'हॅकनी डायमंड्स' ही नवी तबकडी निघाली. तिच्यातल्या एका गाण्यात पाहुणा म्हणून बेस गिटार वाजवली आहे ती याच मॅकार्टनीने. तो आणि स्टोन्सचा गायक जॅगर, दोघेही ऐंशीच्या घरातले. स्टोन्सचा जुना ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ साली वारला होता. त्याने आधी वाजवून ठेवलेले दोन गाण्यांत घेतले आहे. मंडळी सोडून गेलेला बिल वायमनही एका गाण्यापुरता परत आला. म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या घरी जाऊन हात लावावा, हे आम्हांला फार गोड वाटते. बरोबरीच्या माणसांची ती इर्जिक आहे. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या.

परंतु त्याच शहरात निकी हॉपकिन्स नावाचा एक पियानोवाला होता. स्टोन्सकडे तो, बीटल्सच्या १९६८ सालच्या 'रिव्होल्यूशन'मध्ये तो, 'द हू' आणि 'द किंक्स' या मंडळ्यांतही तोच. चार घरांत ज्याचा हात लागला त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? तो १९९४ साली वारला. एरिक क्लॅप्टनने १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात गिटार वाजवली आणि तबकडीवर त्याचेही नाव छापले गेले नाही, हे खरे. पण क्लॅप्टनचे त्यावाचून काही अडले नाही. हॉपकिन्सचे अडत होते. पाहुण्या-पाहुण्यांतही असा फरक असतो.

आपल्याकडे याचे मोठे उदाहरण १९२१ सालचे. ८ जुलै रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झाले. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मालक एका रंगभूमीवर उभे राहिले. कोण कोणाचा पाहुणा, हा प्रश्नच उरला नाही. पुरत्या तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीची आठवण अधिकच जपली गेली. मात्र त्या रात्री ऑर्गनवर, तबल्यावर, सारंगीवर कोण होते, पडदा कोणी ओढला, हे सभेला विचारले तर किती हात वर होतील?

आता आपल्या घरी येऊ. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघाला, पण झाडीपट्टीला ती रेघ ठाऊक नाही. भंडारा-गोंदियापासून सिंदेवाही, नवरगाव, ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेडा येथपर्यंत नाटक एकच. धान घरात आले, दिवाळी झाली, की मांडव पडतात आणि होळीपर्यंत उतरत नाहीत. रात्री उशिरा नाटक सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. शंकरपट असला की नाटक हवेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात पट नव्हता तरी नाटक थांबले नाही. ते थांबले ते कोरोनाने. २०२० च्या हिवाळ्यात बहुतेक मांडव पडलेच नाहीत. तेव्हा किती घरांची चूल या पेटी-तबल्यावर चालते, हे गावाला कळले.

पूर्वी दंडार होती, खडी गंमत होती. मग गावच्या पोरांनी नाटक बसवावे आणि स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून नटी आणावी, अशी रीत आली. म्हणजे पाहुणा कलावंत झाडीला नवा नाही. पुढे वडशाला कंपन्या उभ्या राहिल्या. गावचे मंडळ कंपनीला ठरीव रकमेत प्रयोग सांगते आणि तिकिटे विकून पैसा उभा करते. गर्दी खेचायची म्हणून मुंबई-पुण्याचा चित्रपटातला, मालिकेतला चेहरा बोलावला जातो. जाहिरातीवर त्याचा फोटो ताटाएवढा असतो.

आम्ही पाहुण्याच्या विरुद्ध नाही. रात्रभर थंडीत उभे राहून तोही राबतो. पण त्याच्या एका रात्रीच्या बिदागीत घरच्या वादकाच्या कित्येक रात्री बसतात, आणि तिकीट कमी खपले तर कात्री लागते ती वादकाच्या पाकिटाला. पाहुणा नवा असतो. त्याची चूक, त्याचा विसर सांभाळून घेतो तो समोर बसलेला ऑर्गनवाला. हंगाम संपला की हाच माणूस मे महिन्यात तेंदूच्या फळीवर पुडके मोजताना आम्हांला भेटतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आठशे भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग, अशी त्यांच्या कामाची नोंद झाली. झाडीला उशिरा का होईना मान मिळाला. त्या हजारो प्रयोगांत साथ देणाऱ्यांची यादी मात्र कोठे नाही.

चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली कायदा झाला. नाटकातल्या कामगाराचा त्यात समावेश नव्हता. विलायतेत वादकांची युनियन १८९३ सालीच उभी राहिली. म्हाताऱ्या कलावंतांसाठी शासनाचे मानधन आहे, परंतु त्यासाठी पुरावा लागतो. आणि ज्याचे नाव जाहिरातीवर कधी छापले नाही, त्याने पुरावा आणायचा कोठून? नाव छापण्याचा हट्ट आम्ही हौसेपोटी धरीत नाही. ते त्याच्या म्हातारपणाचे कागदपत्र आहे.

म्हणून गावोगावच्या मंडळांना आमचे मागणे आहे. मंडळ कंपनीशी बोलणी करते तेव्हा रक्कम त्याच्याच हातात असते, आणि पाहुणा कोण हे तेच विचारते. त्याच बैठकीत ऑर्गन, तबला आणि पडद्यावर कोण आहे, हेही विचारावे. ती नावे जाहिरातीवर घालावीत. गडी-वादकांची रात्रीची मजुरी कागदावर लिहून घ्यावी आणि ती तिकिटाच्या खपावर ठेवू नये. पहाटे नाटक सुटल्यावर हीच माणसे झोपेच्या डोळ्यांनी जंगलातल्या रस्त्याने पुढच्या गावाला निघतात, तेव्हा गाडीचा आणि माणसांचा विमा आहे की नाही तेही पाहावे. प्रत्येक जाहिरातीची एक प्रत मंडळाच्या दप्तरात जपून ठेवावी. कराराचा एक पानी नमुना आम्ही मराठीत तयार करून आणला आहे. तो दाराशी टेबलावर ठेवला आहे, ज्या मंडळांना हवा असेल त्यांनी जाताना घेऊन जावा.