बांधावरचा साग आणि सातबारा

पाऊस तोंडावर आलाय. रोजगार हमीचं जॉबकार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच बांधावर साग, बांबू, शेवगा लावण्याची मजुरी मिळू शकते. ग्रामपंचायतीत आधी काम मंजूर करून घ्यायचं. पुढे निगा राखण्याचेही पैसे असतात, पण ते जगलेल्या रोपांवर ठरतात. म्हणजे वैशाखात कळशी वाहणार आपणच.

खरी गोम पुढेच आहे. साग लावायला परवाना लागत नाही, तोडायला लागतो! आपल्या राज्यात १९६४ चा झाडतोड कायदा आहे. साग, खैर, आंबा, मोह ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. सागाचं लाकूड गाडीत भरायचं तर वाहतूक परवाना वेगळा. तेव्हा सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, हे बघतात. म्हणून लावल्या वर्षीच ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं भरा.

बांबूचं सोपं आहे. २०१७ साली केंद्राने वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून त्याला काढलं. गवतच ते, आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

पण तोडीचा अर्ज खातेदाराचा. पाणी घालायचं बाईनं आणि वीस वर्षांनी सही दुसऱ्याची, हे मला पटत नाही. १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. रोपं आणायला जाल, तेव्हाच तलाठ्याकडे विचारून या. नवऱ्यालाही सोबत न्या.